सात नापास पट्ट्या

रॅम खराब झाली आहे हे कॉम्प्युटर कधी सरळ सांगत नाही. हार्ड डिस्क जाते तेव्हा कुरकुरते, पॉवर सप्लाय जातो तेव्हा जळका वास येतो. रॅमचं दुखणं वेगळं. मशीन चालू होतं, दोन तास गुण्यागोविंदानं चालतं आणि काम ऐन भरात आलं की निळा पडदा दाखवून बसतं. बंद करून परत चालू करा, पुन्हा शहाण्यासारखं चालायला लागतं. भेस्तानकडचे एम्ब्रॉयडरीवाले, ज्यांची सगळी डिझाइनं कॉम्प्युटरवर बनतात, असं मशीन घेऊन येतात आणि म्हणतात, "भाई, इसमें भूत है." मी वीस वर्षं ही भुतं उतरवतो आहे. डिंडोलीत माझं दुकान आहे, दुकानामागे एक खोली आहे आणि त्या खोलीत मी एकटा राहतो. लग्न जमलं नाही. का जमलं नाही, हे विचारणारेही आता उरले नाहीत.

कामाची पद्धत साधी आहे. रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतला खोडरबर फिरवायचा, झटकायची, परत लावायची. निम्मी भुतं एवढ्यावर पळतात. उरलेल्यांसाठी तपासणीचा प्रोग्रॅम असतो. तो पट्टीच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहितो आणि तेच परत वाचून बघतो. लिहिलं एक आणि वाचलं भलतंच, असं झालं की पडद्यावर लाल ओळ येते. लाल ओळ आली की पट्टी नापास. पण नापास म्हणण्याआधी एक काम करायचंच असतं. तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघायची. दोष पट्टीचा आहे की ती जिथे बसवली त्या खाचेचा, हे त्याशिवाय कळत नाही. ज्यांनी मला हे शिकवलं त्यांना मी दादा म्हणायचो.

दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. आम्ही दोघंही खानदेशातून आलेले, त्यांचे वडील रेल्वेत होते, माझे मागावर. दुकान भागीत होतं. घरी बोलतो तशी अहिराणीच आम्ही दुकानात बोलायचो आणि गिऱ्हाईक आलं की गुजरातीवर यायचो. दादांकडे खरेदी होती, माझ्याकडे तपासणी. होलसेलच्या बाजारात जुना माल नव्या वेष्टनात भरून विकणारे पुष्कळ. दादा पट्टी हातात घेत, उजेडात तिरपी धरत, अंगठा तिच्या कडेवरून एकदा फिरवत आणि सांगत, ही घे, ही नको. चौदा वर्षांत त्यांचा अंगठा चुकल्याचं मला आठवत नाही. दुपारी ते डबा उघडत तेव्हा त्यात दोन माणसांचं जेवण असे. वहिनी माझ्या भाकरी न सांगता टाकायच्या. मला घर नव्हतं असं त्या चौदा वर्षांत मला कधी वाटलं नाही.

दादा बौद्ध, मी देवदेव करणारा. यावरून आमच्यात कधी शब्द झाला नाही. दसऱ्याला ते पांढरे कपडे घालून विहारात जात आणि मी दुकानात पूजा मांडत असे. आमच्या आळीत मागवाला मागाची पूजा करतो, रिक्षावाला रिक्षाची, मी तपासणीच्या मशीनची करायचो. ते मशीन म्हणजे एका लाकडी पाटावर स्क्रूनं ठोकलेला उघडा मदरबोर्ड होता. वर पत्र्याचा डबा नाही, काही नाही. त्याला मी मनोभावे हळदकुंकू वाहायचो, अक्षता टाकायचो, झेंडूचं फूल ठेवायचो आणि वर दोन थेंब पाणी शिंपडायचो. वीज काढून ठेवायचो, एवढं शहाणपण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी येऊन दादा ब्रश आणि ब्लोअर घेऊन बसलेले असत. मला वाटायचं, त्यांना धुळीचं वेड आहे. थट्टाही करायचो की आता बोर्डाला पावडर लावा.

त्या वर्षी दादा दसऱ्याला नागपूरला गेले. त्यांच्या सासूबाईंना एकदा दीक्षाभूमी बघायची होती. जाण्याआधी ते बारा पट्ट्यांचा माल आणून ठेवून गेले आणि म्हणाले, तीन दिवसांत येतो. तिकडे सासूबाई तापानं पडल्या आणि तीन दिवसांचे अकरा झाले. इकडे दिवाळी तोंडावर, एम्ब्रॉयडरीवाल्यांची घाई, फोनवर फोन. राग तसाही माझ्या नाकावर असतो. पण खरं सांगायचं तर राग कामाचा नव्हता. दसऱ्याचं सोनं द्यायला मला कुणी नव्हतं. आपट्याची पानं आणली होती, ती तशीच टेबलावर सुकली, आणि दादा तिकडे आपल्या माणसांत होते. हे मला तेव्हा उमगलं नाही. मला फक्त चिडचिड होत होती.

त्या चिडीतच मी बारा पट्ट्या तपासायला घेतल्या. पाटावरच्या मशीनचा पहिला स्लॉट, एकेक पट्टी, प्रत्येकीला तासभर. बाराच्या बारा नापास झाल्या असत्या तर शेंबड्या पोरालाही स्लॉटचा संशय आला असता. पण पाच पास झाल्या. दोन पास, एक नापास, परत एक पास, मग ओळीनं तीन नापास, असं चाललं. मला वाटलं, झालं, चांगल्यात वाईट मिसळलेला माल आहे. बाजारात असंच तर करतात. दोन दिवसांत सात पट्ट्या लाल झाल्या. त्या मी एका मिठाईच्या रिकाम्या खोक्यात टाकल्या आणि दुसरा स्लॉट मोकळाच राहिला.

दादा परतले त्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं, आमच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. त्याचं मशीन चार दिवस अडकलं होतं आणि तो मला यथेच्छ बोलून घेत होता. दादा दारातून आत आले, हातात पिशवी, प्रवासानं चेहरा उतरलेला. मी त्यांना बसा म्हटलं नाही. खोकं समोर आपटलं आणि म्हटलं, हा तुमचा माल.

दादांनी एक पट्टी उचलली, उजेडात धरली, अंगठा फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, "दुसरा स्लॉटमा लाईसनी देख ना एकदा."

गिऱ्हाइकासमोर मला माझंच काम शिकवत होते. मी गुजरातीत बोललो, गिऱ्हाइकाला कळावं म्हणून. एकमेकांशी आम्ही कधीच गुजराती बोललो नव्हतो. मी म्हटलं, "जोई लीधुं. बन्नेमां जोई लीधुं." दोन्हींत लावून पाहिलंय. पाहिलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि निघाल्यावर मी ते परत घेतलं नाही. उलट वर चढलो. "कां तो तमने कोईए छेतर्या, कां तो तमे मने छेतरो छो." एकतर तुम्हाला कुणीतरी फसवलं, नाहीतर तुम्ही मला फसवताय.

दादांनी पट्टी खोक्यात ठेवली. इतक्या जपून ठेवली की ती नापास आहे असं कुणाला वाटलं नसतं. आठवड्यानं त्यांनी आपली हत्यारं एका गोणीत भरली, किल्ली टेबलावर ठेवली आणि गेले. मी थांबवलं नाही. मला वाटत होतं, चूक त्यांची आहे, तेव्हा आधी बोलायचं त्यांनी. मी आठवडा वाट बघितली, मग महिना. पुढे कुणाकडून तरी कळलं की डिंडोलीतली खोली सोडून ते कामरेजला गेले आणि या धंद्यात आता नाहीत.

मग सहा वर्षं गेली. दुकान चालत राहिलं. दुपारी मी खानावळीचा डबा उघडतो आणि जेवताना मोबाइल समोर उभा करून ठेवतो, कुणीतरी बोलत असावं म्हणून. पाटावरचा बोर्ड त्यानंतर लवकरच मेला, तो मी माळ्यावर टाकला आणि दुसरा घेतला. पूजा मात्र सुटली. का सुटली ते आठवत नाही. आता दसऱ्याला मी दुकान अर्धा दिवस उघडं ठेवतो आणि कुणी येतं का बघतो.

यंदा बाजारात रॅमची टंचाई आली. आणायला जावं तर दुकानदार हात वर करतात. भेस्तानहून एक मशीन आलं होतं, नेहमीचं भूत, पट्टी खरोखरच गेलेली, आणि माझ्याकडे द्यायला दुसरी नव्हती. तेव्हा मला ते मिठाईचं खोकं आठवलं. नापास तर नापास, सातातली एखादी कमी वाईट निघाली तर तात्पुरती लावून देऊ, असा विचार केला. सकाळी पहिली लावली आणि चहा ठेवला. तासाभरानं बघतो तर पास. एकही लाल ओळ नाही. मला वाटलं, काहीतरी गफलत आहे. परत लावली, परत पास. मग दुसरी लावली. संध्याकाळपर्यंत चार झाल्या आणि चारही पास. दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं शटर अर्धंच उघडलं आणि उरलेल्या तीन तपासल्या. त्याही स्वच्छ. प्रत्येक पट्टीच्या वेळी मी देवाला म्हणत होतो की ही तरी नापास होऊ दे.

मी माळ्यावरून जुना बोर्ड काढला. पाटासकट होता. बॅटरीचा झोत टाकला, भिंग लावलं आणि पहिल्या स्लॉटमध्ये पाहिलं. आत लाल होतं. सुईनं खरवडलं तर ओलं होऊन वाळलेल्या कुंकवाची खपली निघाली, तिच्यात तांदळाची कणी. दुसरा स्लॉट कोरा होता. मग दसऱ्यानंतरच्या सकाळी ब्रश घेऊन बसलेले दादा मला आठवले. त्यांनी कधी म्हटलं नाही की मशीनवर कुंकू टाकू नकोस. माझी श्रद्धा दुखावेल म्हणून म्हटलं नसेल. तेरा दसरे ते माझ्यामागे गुपचूप साफ करत राहिले आणि चौदाव्याला ते नागपुरात होते.

तो बोर्ड मांडीवर घेऊन मी किती वेळ बसलो माहीत नाही. मी रडलो. मग दोन दिवस काम केलं, कारण भेस्तानवाल्याला मशीन द्यायचं होतं. त्याला सातांतली एक दिली. उरलेल्या सहा रुमालात बांधल्या आणि रविवारी सकाळी दुचाकीवरून कामरेजला निघालो. वाटेत मी सगळं बोलणं जुळवून ठेवलं. कुंकू पडलं होतं दादा, ना तुमचा दोष ना माझा, योग तसा होता. अशी बरी गोष्ट होती ती. तिच्यात माझ्या खोटं बोलण्याला जागाच नव्हती, आणि हायवेवरून जाताना मला ते चांगलंच माहीत होतं.

दादा एका रोपवाटिकेत कामाला होते. तिथेच मागे त्यांना दोन खोल्या दिलेल्या. मी पोचलो तेव्हा ते ओट्यावर बसून काळ्या पिशव्यांत माती भरत होते. केस सगळे पांढरे झाले होते. मला बघून हात थांबले, पण चेहऱ्यावर राग दिसला नाही, त्यामुळे मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, "तू? ये, बठ." आत वहिनींना चहा ठेवायला सांगितलं. वहिनींनी दारातून मला पाहिलं आणि त्या आत वळल्या.

मी रुमाल सोडला. पट्ट्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि जुळवून आणलेलं सगळं सांगितलं. टंचाई, खोकं, सातही पास, जुना बोर्ड, पहिल्या स्लॉटमधलं कुंकू. दादांनी मातीचे हात लेंग्याला पुसले. एक पट्टी उचलली, उजेडात तिरपी धरली. अंगठा कडेजवळ नेला आणि फिरवला नाही.

"मंग माल चांगला व्हता?" त्यांनी विचारलं.

"चांगला व्हता, दादा."

"सातच्या सात?"

"सातच्या सात."

त्यांनी मान हलवली. परत विचारलं, सगळाच का, आणि मी परत हो म्हटलं. चहा आला. मला वाटलं, झालं, सुटलो. कपाला हात लावणार तेवढ्यात दादांच्या कपाळावर आठी पडली. ही आठी मी ओळखत होतो. मशीनचा हिशोब लागत नसला की ती पडायची. म्हणाले, "पन दुसरा स्लॉटमा बी तू लायेल व्हतं ना? तठे बी कुकू व्हतं का? नही ते पट्ट्या कसं काय नापास?"

सहा वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं, कारण विचारायचं कारणच नव्हतं. मी पाहिलं म्हटलं होतं, म्हणजे पाहिलं असणार. दोन्ही स्लॉटमध्ये कुंकू होतं असं मी म्हणू शकलो असतो. बोर्ड माझ्या माळ्यावर होता, तो बघायला कोण येणार होतं? वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या.

"नही लायेल व्हतं, दादा," मी म्हणालो. "मी खोटं बोलनू."

हायवेवरून ट्रक जात होते. मग त्यांनी हातातली पट्टी इतर पट्ट्यांशेजारी नीट ओळीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले. म्हणाले, "तू तपासेल व्हतं. मी म्हनं, मनाच डोया गयात." माझेच डोळे गेले. मला त्यांच्या जाण्याचं कारण नेहमी एकच वाटत आलं होतं, की मी चोर म्हटलं म्हणून ते रागावून गेले. ते रागावलेच नव्हते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. दोन्ही स्लॉटमध्ये लावूनही पट्ट्या नापास झाल्या, म्हणजे आपली पारख संपली, असं समजून त्यांनी हातातलं काम टाकून दिलं होतं.

"सहा वरीसमा मी बाजारमाईन एक वस्तू निवडीसनी आनी नही," दादा म्हणाले. "भाजी बी हाईच आनस." आणि त्यांनी दाराशी उभ्या वहिनींकडे मान वळवली.

मला तोंड वर करता येईना. माफ करा असं मी म्हणालो असेन, नक्की आठवत नाही. वहिनी पुढे आल्या. त्यांनी माझा कप उचलला, चहा तसाच होता, त्यावर साय आली होती. दादा त्यांना म्हणाले, "आयकं का, माल चांगला व्हता."

"ते मले तव्हयच माहीत व्हतं," वहिनी म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

दादा उठले. पायांत चपला सरकवल्या आणि वहिनींपुढे हात केला. "थैली दे. आज भाजी मी आनस."

वहिनींनी आतून कापडी पिशवी आणून दिली. मीही उठलो, वाटलं, ते चल म्हणतील. बाजार हायवेच्या पलीकडेच होता, पाच मिनिटांची वाट. फाटकापाशी आल्यावर दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुले लांब जानं शे. निंघ." पट्ट्या ओट्यावरच राहिल्या होत्या. त्या घेऊन जा असं ते म्हणाले नाहीत आणि मीही मागितल्या नाहीत.

मी थोडा वेळ फाटकापाशीच रेंगाळलो, मग गाडी चालू करून हायवे ओलांडला. बाजारातून हळूहळू जाताना मला ते दिसले. एका बाईच्या पाटीसमोर उकिडवे बसले होते. त्यांनी एक वांगं उचललं, उजेडात तिरपं धरलं, अंगठा त्याच्यावरून फिरवला, आणि खाली ठेवून दुसरं उचललं. मी गाडी थांबवली. गाडीचा आवाज त्यांना ओळखीचा होता, चौदा वर्षं त्याच गाडीवर ते माझ्यामागे बसून होलसेलच्या बाजाराला गेले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.